डिस्कवर ५८ जीबी मोकळे, तरी ‘जागा नाही’ का?

फाइल सेव्ह करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा निरोप येतो. मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ -एच’ ही कमांड चालवून बघावं तर ५८ जीबी मोकळे दिसतात. पहिला संशय डिस्क खराब झाल्याचा येतो. मग रीबूट होतो, डाउनलोडचा फोल्डर साफ होतो, आणि फाइली पुसतानाही पुन्हा तोच निरोप समोर येतो. अशा वेळी डिस्क बहुतेकदा ठणठणीत असते. चूक होते ती ‘मोकळी जागा’ हा एकच आकडा आहे असं धरून चालण्यात. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे आणि कशा ठेवायच्या हे सांभाळणारी व्यवस्था, जागेचं वाटप टप्प्याटप्प्यानं करते. त्यातला एक टप्पा आटला, की बाकी ठिकाणी कितीही जागा असली तरी लिहिणं थांबतं. म्हणून ‘जागा संपली’ असं ऐकल्यावर विचारायचं ते हे, की कुठली जागा?

इथे लिनक्सवरच्या दोन फाइल सिस्टिम घेतल्या आहेत. ईएक्सटी४ ही साधी, भरवशाची आणि सगळीकडे आढळणारी. बीटीआरएफएस ही नव्या घडणीची. लिनक्सच्या फेडोरा वर्कस्टेशन या वितरणानं ती २०२० साली आवृत्ती ३३ पासून मूळ निवड केली, आणि ओपनसुसे हे दुसरं वितरण त्याच्याही आधीपासून वापरतं. कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. एमबी-जीबी म्हणजे इथे १०२४ च्या पटीतले. डिस्क विकणारे १००० च्या पटीत मोजतात. त्यामुळे खोक्यावर १ टीबी लिहिलेली डिस्क संगणकात सुमारे ९३१ जीबी दिसते. त्यात कुणी जागा खाल्लेली नसते.

ब्लॉक आणि त्यांचा सातबारा

डिस्क ही सलग जमीन धरली, तर फाइल सिस्टिम तिचे सारख्या मापाचे तुकडे पाडते. तो तुकडा म्हणजे ब्लॉक, आणि त्याचं माप बहुतेक ठिकाणी ४०९६ बाइट असतं. एका ब्लॉकमध्ये दोन फाइलींची भागीदारी चालत नाही. फाइल १०० बाइटची असली तरी तिच्या नावावर अख्खा ब्लॉक चढतो. अशा दहा लाख फाइलींमध्ये मजकूर १० कोटी बाइटांचा असतो आणि जमीन अडते सुमारे ४१० कोटी बाइटांची. फाइलचा आकार सांगणारी ‘एलएस -एल’ आणि अडलेली जागा मोजणारी ‘डीयू’ यांचे आकडे जुळत नाहीत, त्याचं एक कारण हे.

कुठला ब्लॉक मोकळा आणि कुठला घेतलेला, याची नोंद बिटमॅपमध्ये असते. प्रत्येक ब्लॉकमागे एक बिट, शून्य म्हणजे मोकळा, एक म्हणजे घेतलेला. हा बिटमॅप स्वतः एका ब्लॉकमध्ये मावला पाहिजे. ४०९६ बाइट म्हणजे ३२,७६८ बिट, म्हणून एका बिटमॅपच्या हाताखाली ३२,७६८ ब्लॉक येतात, म्हणजे बरोबर १२८ एमबी. ईएक्सटी४ अख्ख्या डिस्कचे असे १२८ एमबीचे गट पाडते. फाइलचे ब्लॉक शक्यतो एकाच गटात आणि तिच्या फोल्डरच्या आसपास ठेवायचा तिचा प्रयत्न असतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर याचा फायदा मोठा, कारण वाचणाऱ्या टोकाला इकडून तिकडे धावावं लागत नाही.

कुठली जमीन कोणाच्या नावावर, हे सांगणारा सातबारा म्हणजे आयनोड. मालक कोण, परवानग्या काय, आकार किती, शेवटचा बदल कधी, आणि ब्लॉक कुठे कुठे आहेत, हे सगळं त्यात असतं. फाइलचं नाव मात्र त्यात नसतं. ते फोल्डरच्या यादीत असतं आणि आयनोडच्या क्रमांकाकडे बोट दाखवतं. ही बाब लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

आधीच्या ईएक्सटी३ मध्ये फाइलचा प्रत्येक ब्लॉक सुटा नोंदवला जायचा. १ जीबीची फाइल म्हणजे २,६२,१४४ नोंदी. २००८ च्या डिसेंबरात लिनक्स २.६.२८ मध्ये ईएक्सटी४ स्थिर म्हणून आली आणि तिनं एक्स्टेंट वापरले. ‘अमुक ब्लॉकपासून सलग इतके ब्लॉक’ एवढीच एक ओळ. एक एक्स्टेंट जास्तीत जास्त ३२,७६८ ब्लॉकांचा, म्हणजे पुन्हा १२८ एमबी. सलग जागा मिळाली तर तीच १ जीबीची फाइल आठ ओळींत बसते. चार ओळी आयनोडच्या पोटातच मावतात, जास्त लागल्या तर बाहेर झाड तयार होतं.

सलग जागा मिळवण्यासाठी ईएक्सटी४ वाटप मुद्दाम लांबणीवर टाकते. प्रोग्रामनं लिहिलं की मजकूर आधी मेमरीत राहतो. तेवढी जागा हिशेबात राखून ठेवली जाते, पण नेमके कुठले ब्लॉक द्यायचे हे डिस्कवर उतरवायची वेळ आल्यावरच ठरतं, आणि हे अंतर साधारण अर्ध्या मिनिटापर्यंत जाऊ शकतं. तोवर फाइल किती मोठी होणार हे कळलेलं असतं, त्यामुळे एकाच झटक्यात सलग तुकडा देता येतो. यातला धोका २००९ मध्ये दिसला. नवी फाइल लिहून ती जुन्या नावावर चढवणाऱ्या प्रोग्रामांनी ‘एफसिंक’ (मजकूर लगेच डिस्कवर उतरवायची सूचना) केलेलं नसायचं, आणि मधेच वीज गेली की शून्य बाइटची फाइल हाती यायची. नंतर ईएक्सटी४ मध्येच त्यावर उपाय बसवला गेला. तरीही महत्त्वाचा डेटा लिहिणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘एफसिंक’ हवाच.

‘डीएफ’ न दाखवणारे खड्डे

ईएक्सटी४ वर जागा असून लिहिता येत नाही, तेव्हा बहुतेकदा आयनोड संपलेले असतात. त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, दर १६,३८४ बाइटांमागे एक. १०० जीबीच्या विभाजनावर (पार्टिशनवर) ६५,५३,६०० आयनोड मिळतात आणि विभाजन मोठं केल्याशिवाय त्यात भर पडत नाही. मेलच्या सुट्या फाइली, वेबसाइटच्या सेशन फाइली, साफ न होणारा कॅशे यांच्या फाइलींचा सरासरी आकार १६ केबीच्या खाली गेला, की ब्लॉक उरलेले असताना आयनोड संपतात. ‘डीएफ -आय’ चालवा. वापर शंभर टक्के दिसला तर निदान झालं. मग ‘डीयू --आयनोड्स’ वापरून कुठल्या फोल्डरात फाइलींचं पीक आलंय ते शोधा. असा डेटा ठेवणारं विभाजन नव्यानं करत असाल, तर फॉरमॅट करणाऱ्या ‘एमकेएफएस’ला ‘-आय ४०९६’ द्या (इंग्रजीत छोटा ‘आय’, मोठा नव्हे, मोठ्या ‘आय’चा अर्थ आयनोडचा आकार होतो). आयनोड चौपट मिळतील. मात्र एक आयनोड २५६ बाइटांचा असतो. मूळ प्रमाणात त्यांची तक्ती जागेचा चौसष्टावा भाग घेते, चौपट केल्यावर सोळावा.

दुसरा खड्डा राखीव जागेचा. ईएक्सटी४ पाच टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासकाच्या खात्यासाठी, बाजूला ठेवते. साध्या वापरकर्त्यानं डिस्क भरली तरी लॉग लिहिणाऱ्या सेवा चालू राहाव्यात आणि दुरुस्तीपुरता रूटला आत शिरता यावं, हा हेतू. सिस्टिम ज्यावर बसवलेली असते त्या मूळ विभाजनासाठी तो योग्य आहे. पण ९३१ जीबीच्या निव्वळ फोटो-व्हिडिओच्या डिस्कवर ४६ जीबी असे अडकून राहतात. तिथे ‘ट्यून२एफएस -एम १’ करून एक टक्का ठेवला तरी भागतं. डिस्क अनमाउंट करायचीही गरज नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारा खड्डा तिसरा. २० जीबीची लॉग फाइल ‘आरएम’नं पुसली, आणि ‘डीएफ’चा आकडा जागचा हलला नाही. ‘डीयू’ म्हणतं फाइल नाही, ‘डीएफ’ म्हणतं जागा भरलेली. दोघंही खरं बोलतात. ‘आरएम’नं फोल्डरच्या यादीतलं नाव काढलं. पण ती फाइल अजून कुठल्या तरी चालू प्रोग्रामनं उघडून धरलेली असते, आणि धरलेला आयनोड मोकळा होत नाही. ‘एलएसओएफ +एल१’ (इंग्रजीत मोठा ‘एल’) अशा नाव गेलेल्या पण उघड्या फाइलींची यादी देतं. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा परत येते. रीस्टार्ट करणं शक्य नसेल तर ‘प्रॉक’मधल्या त्या प्रोग्रामच्या ‘एफडी’ फोल्डरात त्या फाइलचा क्रमांक शोधून तिथे ती शून्यावर कापता येते. चालू लॉग पुसायचाच असेल, तर ‘आरएम’ऐवजी ‘ट्रंकेट -एस ०’ वापरा, म्हणजे हा प्रकार उद्भवतच नाही.

उलट दिशेची फसवणूक पोकळ फाइलींमध्ये होते. व्हर्च्युअल मशीनची ५० जीबीची डिस्क फाइल प्रत्यक्षात ६ जीबीच व्यापत असेल, कारण न लिहिलेल्या भागाला ब्लॉक दिलेलेच नसतात. साध्या पद्धतीनं ती दुसऱ्या मशीनवर कॉपी केली की पोकळीत शून्यं भरून अख्खे ५० जीबी अडू शकतात. कॉपी करणाऱ्या ‘आरसिंक’ला ‘--स्पार्स’ देणं इथे गरजेचं.

बीटीआरएफएस: आधी डबे जोडा, मग प्रवासी चढवा

बीटीआरएफएसचं काम ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ओरॅकलमध्ये असताना सुरू केलं आणि २००९ मध्ये ती लिनक्स २.६.२९ मध्ये दाखल झाली. तिचा मूळ नियम असा, की लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहायचं नाही. फाइलमधले ४ केबी बदलले तर नवा मजकूर दुसऱ्याच मोकळ्या ब्लॉकवर जातो, मग त्याच्याकडे बोट दाखवणारी मेटाडेटाची (फाइलींविषयीच्या नोंदींची) पानं नव्या जागी लिहिली जातात, आणि सगळ्यात शेवटी मुळाचा पत्ता बदलतो. मधेच वीज गेली तर जुना पत्ता आणि जुना मजकूर शाबूत असतो. स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या क्षणीची गोठवलेली स्थिती, क्षणात घेता येतो तोही याच नियमामुळे. याची किंमत एक आहे. पुसायलाही आधी लिहावं लागतं. फाइल गेली ही नोंद नव्या पानावर करायची, तर ते पान ठेवायला जागा हवी. डिस्क तुडुंब भरल्यावर ‘आरएम’सुद्धा ‘जागा नाही’ म्हणतं, त्याचं मूळ इथे आहे.

आता वाटपाचे टप्पे बघू. मुंबईच्या लोकलमध्ये महिलांचा डबा वेगळा, फर्स्ट क्लासचा वेगळा, जनरल वेगळा. जनरलमध्ये पाय ठेवायला जागा नसली आणि फर्स्ट क्लास अर्धा रिकामा धावत असला, तरी जनरलचे प्रवासी तिकडे बसू शकत नाहीत. बीटीआरएफएसही डिस्कचे असे डबे पाडते. त्यांना चंक म्हणतात, आणि प्रत्येकावर एक शिक्का असतो. डेटाचे चंक साधारण १ जीबीचे. मेटाडेटाचे चंक ५० जीबीहून लहान फाइल सिस्टिमवर २५६ एमबीचे, त्याहून मोठ्या फाइल सिस्टिमवर १ जीबीचे. शिवाय चंकांचीच नोंद ठेवणारे काही एमबींचे सिस्टिम चंक. शिक्का न मारलेली डिस्क ‘अनअलोकेटेड’. ती शिल्लक आहे तोवर लागेल तसा नवा डबा जोडता येतो. ती संपली की प्रत्येकानं आपापल्या डब्यात मावायचं.

यात आणखी एक पदर आहे. एकाच डिस्कवर डेटाची एक प्रत असते (‘सिंगल’), पण मेटाडेटाच्या दोन (‘डप’). एक पान खराब झालं तर दुसरं वाचवतं. म्हणून मेटाडेटाचा १ जीबीचा नवा चंक हवा असेल, तर कोरी जागा २ जीबी लागते.

मेटाडेटात नेमकं काय भरतं? फाइलींची नावं, आयनोड, एक्स्टेंटच्या नोंदी, आणि प्रत्येक ४ केबी डेटाचा चार बाइटांचा चेकसम (डेटा बिघडला का हे ताडून बघायचा आकडा), म्हणजे १ जीबी डेटामागे १ एमबी नुसते चेकसम. २०४८ बाइटांपर्यंतच्या चिमुकल्या फाइलींचा मजकूरही डेटाच्या चंकात न जाता थेट मेटाडेटाच्या पानात बसतो. लाखो बारीक फाइली असतील तर मेटाडेटा झपाट्यानं फुगतो, आणि तोही दुप्पट.

एक अहवाल, ओळ-ओळ वाचून

बीटीआरएफएसवर ‘डीएफ’चा आकडा अंदाजापुरता धरा. खरं चित्र ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज’ ही कमांड देते. २०० जीबीच्या एका विभाजनाचा नमुना घेऊ:

डिव्हाइस साइझ: २०० जीबी
डिव्हाइस अलोकेटेड: जवळपास २०० जीबी
डिव्हाइस अनअलोकेटेड: १ एमबी
युज्ड: १४१ जीबी
फ्री (एस्टिमेटेड): ५८ जीबी
ग्लोबल रिझर्व्ह: ५१२ एमबी
डेटा, सिंगल: साइझ १९२ जीबी, युज्ड १३४ जीबी
मेटाडेटा, डप: साइझ ४ जीबी, युज्ड ३.५ जीबी

वाचायला सुरुवात तिसऱ्या ओळीपासून करा. अनअलोकेटेड १ एमबी म्हणजे नवा डबा जोडणं आता अशक्य. मग मेटाडेटाकडे या. ४ जीबीपैकी ३.५ भरलेले, म्हणजे अर्धा जीबी उरलाय असं वाटतं. पण ग्लोबल रिझर्व्ह ५१२ एमबी आहे, आणि तो याच मेटाडेटाच्या जागेतून राखलेला असतो. पुसणं, व्यवहार पूर्ण करणं अशा अडीअडचणीच्या कामांसाठी तो असतो, रोजच्या लिखाणाला मिळत नाही. अर्धा वजा अर्धा, हाती शून्य. मेटाडेटा भरलेला आहे. आणि ते ५८ जीबी? ते सगळे डेटाच्या डब्यांतले रिकामे बाक आहेत.

(हिशेबही पडताळता येतो: डेटाचे १३४, मेटाडेटाचे ३.५ दोनदा म्हणून ७, एकूण १४१. अलोकेटेडमध्ये डेटाचे १९२ आणि मेटाडेटाचे ४ दोनदा म्हणून ८, एकूण २००.)

ही अवस्था एका दिवसात येत नाही. आधी डेटा वाढत वाढत डिस्कभर डेटाचे डबे जोडले जातात. मग इकडच्या-तिकडच्या पन्नास-साठ जीबी फाइली पुसल्या जातात. पूर्ण रिकामा झालेला चंक लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ३.१८ आवृत्तीपासून आपोआप कोऱ्या जागेत परत जातो. पण चंकात ४ केबीची एक फाइल जरी उरली, तरी अख्खा १ जीबी डेटाच्याच शिक्क्याखाली राहतो. पुढे स्नॅपशॉट आणि बारीक फाइलींमुळे मेटाडेटा वाढतो, नवा चंक मागतो, आणि द्यायला काहीच उरलेलं नसतं.

एकाहून जास्त डिस्क असतील तर आकडा डिस्कनिहाय बघा. रेड१ या दुहेरी प्रतींच्या मांडणीत प्रत्येक चंकाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर लागतात. एका डिस्कवर १०० जीबी कोरे आणि दुसरीवर शून्य असेल, तर दोन डिस्कच्या जोडीत एकही चंक निघणार नाही. असमान डिस्क मात्र ही फाइल सिस्टिम छान सांभाळते. नवा चंक ती नेहमी सगळ्यात जास्त कोरी जागा असलेल्या डिस्कांवर टाकते. १, २ आणि ३ टीबीच्या तीन डिस्कांत वापरायला ३ टीबी मिळतात, म्हणजे बेरजेच्या निम्मे. १, १ आणि ४ टीबी घेतल्या तर दोनच टीबी, कारण मोठ्या डिस्कवरच्या उरलेल्या जागेला जोडीदार मिळत नाही.

पुसूनही न सुटणारी जागा

एका जमिनीवर पाच जणांची नावं असतील, तर एकानं हक्क सोडल्यानं ती मोकळी होत नाही. बीटीआरएफएसमधल्या एक्स्टेंटचं तसंच आहे. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी तो जवळपास काहीच जागा घेत नाही, कारण चालू फाइली आणि तो एकाच एक्स्टेंटकडे बोट दाखवतात. पुढे तुम्ही ३० जीबीचा व्हिडिओ पुसला, तर चालू बाजूचं नाव कमी होतं, स्नॅपशॉटचं राहतं, आणि जागा सुटत नाही. तो व्हिडिओ ज्या ज्या स्नॅपशॉटमध्ये आहे ते सगळे गेले पाहिजेत. कुठला स्नॅपशॉट पुसल्यावर किती जागा सुटेल याचा अंदाज ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम डीयू -एस’ देतं. त्यातला ‘एक्सक्लुझिव्ह’ रकाना बघायचा, म्हणजे फक्त त्या एकट्याच्या नावावर असलेली जागा. पाच स्नॅपशॉटमध्ये सामाईक असलेली जागा पाचांपैकी कुणाच्याच एक्सक्लुझिव्हमध्ये दिसत नाही. त्यामुळे पाचही आकडे छोटे, आणि पाचही पुसल्यावर मात्र मोठा तुकडा सुटला, असं होऊ शकतं.

स्नॅपशॉट नसतानाही जागा अडते. एक्स्टेंट हा अविभाज्य धरला जातो. १२८ एमबीच्या एक्स्टेंटमधले मधले ४ केबी बदलले, की नवे ४ केबी दुसरीकडे जातात, आणि जुने ४ केबी निरुपयोगी होऊनही जुना एक्स्टेंट पूर्ण १२८ एमबीच राहतो. त्यातला शेवटचा ब्लॉक वापरात आहे तोवर सगळी जागा धरलेली. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइली आणि डेटाबेस यांत असे बदल सतत होतात, म्हणून त्या फाइली दिसतात त्याहून बऱ्याच जास्त जागा घेतात.

यावर डीफ्रॅग (विखुरलेली फाइल सलग करणं) करावं का? स्नॅपशॉट नसतील तर उपयोग होतो. असतील तर सावध राहा. डीफ्रॅग फाइल नव्यानं सलग लिहितो, जुनी प्रत स्नॅपशॉटच्या नावावर तशीच राहते, आणि सामाईक असलेली जागा दुप्पट होते. जागा वाचवायला म्हणून चालवलेल्या डीफ्रॅगनं डिस्क भरून जाते ती अशी.

व्हर्च्युअल मशीनसाठी वेगळा फोल्डर करून त्यावर आधीच ‘सीएचॲट्र +सी’ (इंग्रजीत मोठा ‘सी’) लावणं बरं. त्यात नव्यानं तयार होणाऱ्या फाइली जागच्या जागी लिहिल्या जातात. आधीच मजकूर असलेल्या फाइलवर ही खूण लावून भागत नाही, त्या फोल्डरात नवी प्रत करावी लागते. बदल्यात चेकसम आणि कॉम्प्रेशन जातं, हे मान्य असेल तरच करा.

अडकलंच तर सोडवायचं कसं

पहिलं काम, ज्यामुळे लिखाण चालू आहे त्या सेवा थांबवा. मग जुने स्नॅपशॉट पुसा. त्यासाठीची ‘बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम डिलीट’ ही कमांड लगेच परत येते, पण खरी सफाई मागे चालू राहते. ‘सबव्हॉल्यूम सिंक’ दिलं की ती संपेपर्यंत थांबता येतं. लोक इथे घाई करतात आणि काही सुटलं नाही म्हणून निराश होतात. मोठ्या फाइली पुसताना ‘जागा नाही’ आलं, तर एखादी स्नॅपशॉटमध्ये नसलेली मोठी फाइल आधी ‘ट्रंकेट -एस ०’नं रिकामी करून बघा.

मग बॅलन्स. अर्धवट भरलेल्या डेटाच्या डब्यांतले प्रवासी दुसऱ्या डब्यांतल्या रिकाम्या बाकांवर बसवायचे आणि सुटलेले डबे कोरे करून परत द्यायचे, एवढंच तो करतो. सुरुवात ‘बीटीआरएफएस बॅलन्स स्टार्ट -डीयुसेज=०’ पासून, यात काहीच हलवावं लागत नाही, फक्त पूर्ण रिकामे चंक सुटतात. नंतर ५, १०, २० असं चढत जा, आणि प्रत्येक वेळी अनअलोकेटेड किती झालं ते बघा. आकड्याचा अर्थ, तेवढ्या टक्क्यांपेक्षा कमी भरलेले चंक हलव.

खालून वर चढायचं कारण साध्या गणितात आहे. दहा टक्के भरलेले चंक रिकामे केले तर १ जीबी कोरी जागा मिळवायला साधारण ११४ एमबी डेटा हलवावा लागतो. पन्नास टक्के भरलेले असतील तर १ जीबी मिळवायला १ जीबी. नव्वद टक्के भरलेले असतील तर तब्बल ९ जीबी. काहीही फिल्टर न देता सरसकट बॅलन्स चालवला की तो डिस्कवरचं सगळं नव्यानं लिहितो. त्यात तास जातात, एसएसडीची झीज होते, आणि फायदा जवळपास तेवढाच. वरच्या नमुन्यात डबे सरासरी सत्तर टक्के भरलेले आहेत. तिथे दहावर काही सुटलं नाही तर घाबरू नका, तीस-पन्नासपर्यंत जावं लागेल. पाच-दहा जीबी कोरे झाले की थांबा.

मेटाडेटावर मात्र असा बॅलन्स चालवू नका. ‘-एमयुसेज’ दिल्यानं मेटाडेटाचे अर्धवट डबे सुटतात, ती जागा डेटा पटकावतो, आणि मेटाडेटाची उपासमार आधीपेक्षा लवकर सुरू होते. मेटाडेटात थोडी मोकळीक राहणं हे चांगलं लक्षण आहे.

बॅलन्सलाही स्वतःच्या नोंदींसाठी मेटाडेटात जागा लागते, म्हणून कधीकधी तोच ‘जागा नाही’ म्हणून थांबतो. तेव्हा उसनी डिस्क जोडायची. १६ जीबीचा चांगला पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचा सगळा मजकूर जाईल हे धरून ‘बीटीआरएफएस डिव्हाइस ॲड’नं तो फाइल सिस्टिममध्ये सामील करा. अनअलोकेटेड लगेच सुमारे १५ जीबी दिसेल. आता डेटाचा बॅलन्स चालवा आणि मूळ डिस्कवर पुरेशी कोरी जागा करा, कारण या काळात पेनड्राइव्हवर तयार झालेले चंक परत आणायचे आहेत. मग ‘बीटीआरएफएस डिव्हाइस रिमूव्ह’ द्या. ही कमांड पेनड्राइव्हवरचं सगळं मूळ डिस्कवर हलवते, आणि यूएसबीच्या वेगानुसार तिला बराच वेळ लागू शकतो. ती पूर्ण होऊन टर्मिनल परत मिळेपर्यंत, आणि ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम शो’मध्ये त्याचं नाव दिसेनासं होईपर्यंत, पेनड्राइव्हला हात लावू नका. तो आता फाइल सिस्टिमचा अवयव आहे. मधेच उपटला तर मेटाडेटाचे त्यावरचे चंक हातचे जातात, दोन्ही प्रती एकाच पेनड्राइव्हवर असल्यानं दुसरी प्रतही वाचवत नाही. याच कारणासाठी रॅममध्ये केलेली तात्पुरती डिस्क जोडण्याचा सल्ला कधीही पाळू नका. वीज एकदा गेली की ती डिस्क उरतच नाही.

यातून बाहेर पडल्यावर दोन गोष्टी लावून ठेवा. स्नॅपर किंवा तत्सम साधन किती स्नॅपशॉट ठेवतं त्याला मर्यादा घाला, आणि महिन्यातून एकदा ‘-डीयुसेज=१०’चा छोटा बॅलन्स वेळापत्रकात टाका. देखरेखीच्या साधनात ‘डीएफ’च्या टक्क्यांसोबत अनअलोकेटेडचा आकडाही घ्या. २०० जीबीच्या विभाजनावर तो ५ जीबीच्या खाली आला की इशारा मिळाला पाहिजे. तेव्हा मेटाडेटाचे दोन नवे चंक काढण्याइतकी जागा हातात असते, आणि बॅलन्सचं काम दुपारी चहा पिता पिता उरकतं.